क्लोरीनचा टनर बदलताना

पाणी निर्जंतुक करण्यासाठी लागणारा क्लोरीन वायू मोठ्या शुद्धीकरण केंद्रांवर दाबाखाली द्रवरूपात येतो. तो पोलादी पात्रांत भरलेला असतो. एक पात्र रिकामे झाले की ते सोडवायचे आणि त्या जागी भरलेले जोडायचे, हे काम वर्षभर, रात्रंदिवस चालते. वायू पात्रात बंद असतो तोवर सुरक्षित असतो, नळीतून पाण्यात जातो तेव्हाही सुरक्षित असतो. धोका असतो तो पात्र आणि नळी यांच्यातला सांधा उघडला जातो त्या काही मिनिटांत. पात्र बदलण्याची सारी पद्धत या काही मिनिटांसाठी बांधलेली आहे. या पद्धतीतल्या प्रत्येक पायरीमागे वायूच्या स्वभावातले एक कारण आहे.

ठाणे जिल्ह्याच्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत हा विषय पाण्याच्या वाटेने येतो. शहापूर तालुक्यातल्या तानसा धरणाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते. याच तालुक्यातल्या भातसा धरणाचे पाणी नदीपात्रातून खाली येते, पिसे येथील बंधाऱ्यावर उचलले जाते आणि पांजरापूरच्या केंद्रात शुद्ध होऊन मुंबईकडे निघते. मुंबईच्या रोजच्या पाण्यातला जवळपास निम्मा वाटा एकट्या भातसेचा आहे. मुरबाडच्या बाजूला बारवी नदीवर औद्योगिक विकास महामंडळाने १९७२ मध्ये बांधलेले धरण आहे. त्याचे पाणी बदलापूरजवळच्या जांभूळ केंद्रात शुद्ध होते आणि कारखान्यांना व शहरांना पुरवले जाते. गाळणीतून निघालेले पाणी काचेसारखे दिसले तरी त्यात रोगजंतू असू शकतात. ते मारण्याचे आणि पुढे मैलोन्मैल जलवाहिनीत पाणी निर्धोक ठेवण्याचे काम क्लोरीन करतो.

किती क्लोरीन लागतो याचा हिशेब सोपा आहे. दहा लाख लिटर पाण्याला लिटरमागे एक मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचा तर एक किलो लागतो. दिवसाला दोनशे कोटी लिटर पाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रात लिटरमागे दोन मिलिग्रॅमची मात्रा धरली, तर दिवसाला चार हजार किलो क्लोरीन लागेल. टनर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मोठ्या पात्रात सुमारे ९०० किलो क्लोरीन असतो. म्हणजे अशा केंद्रात रोज चार-पाच टनर बदलावे लागतील. एखाद्या छोट्या नळपाणी योजनेला दिवसाला किलोभरही लागत नाही. तिथे टनरचे काम नाही.

वायू आणि त्याचे पात्र

क्लोरीन हिरवट पिवळ्या रंगाचा, नाकाला झोंबणारा वायू आहे. स्वीडनचा रसायनशास्त्रज्ञ शेले याने तो १७७४ मध्ये वेगळा केला आणि १८१० मध्ये हम्फ्री डेव्ही याने ते मूलद्रव्य असल्याचे सांगितले. पात्र बदलणाऱ्याच्या दृष्टीने त्याचे चार गुण महत्त्वाचे आहेत.

पहिला गुण वजनाचा. क्लोरीन हवेच्या सुमारे अडीचपट जड आहे. गळला की तो वर जात नाही. जमिनीलगत पसरतो, खड्ड्यात आणि नाल्यात साचतो. म्हणून क्लोरीनच्या खोलीत दूषित हवा ओढणारा पंखा छताजवळ न बसवता जमिनीलगत बसवतात आणि त्याचे बटण दाराबाहेर ठेवतात.

दुसरा गुण द्रवाचा वायू होण्याचा. साध्या दाबाला क्लोरीन उणे ३४ अंश सेल्सिअसला उकळतो. पात्रातला द्रव बाहेर आला की क्षणात त्याचा वायू होऊ लागतो आणि एका लिटर द्रवापासून साडेचारशे लिटरच्या आसपास वायू होतो. त्यामुळे एकाच आकाराच्या भोकातून वायू गळणे आणि द्रव गळणे यांत फार मोठा फरक पडतो.

तिसरा गुण ओलाव्याशी असलेल्या नात्याचा. कोरडा क्लोरीन साध्या तापमानाला पोलादाला अपाय करत नाही. त्यात पाण्याचा अंश आला की हायड्रोक्लोरिक आणि हायपोक्लोरस ही आम्ले तयार होतात आणि तीच धातू खातात. शिवाय पोलाद फार तापले, म्हणजे अडीचशे अंशांच्या आसपास गेले, तर ते क्लोरीनमध्ये पेट घेऊ शकते. म्हणून क्लोरीनच्या नळीजवळ वेल्डिंग किंवा दिवटी चालत नाही. तेल आणि ग्रीस यांच्याशीही तो जोरात संयोग पावतो, त्यामुळे सांध्याला वंगण लावायचे नसते.

चौथा गुण विषारीपणाचा. कामाच्या जागी हवेच्या दहा लाख भागांत अर्धा भाग क्लोरीन ही मर्यादा मानली जाते. दहा भाग झाले की जीवाला तत्काळ धोका मानतात. फुप्फुसात पाणी साचण्याचा त्रास काही तासांनीही उद्भवू शकतो. म्हणून वायू लागलेला माणूस बरा दिसला तरी त्याला देखरेखीखाली ठेवणे आवश्यक असते.

टनर म्हणजे आडवे ठेवायचे पोलादी पिंप. त्याच्या एका टोकाला दोन व्हॉल्व्ह असतात आणि त्यांवर संरक्षक टोपी बसते. हे दोन व्हॉल्व्ह एकाखाली एक, उभ्या रेषेत आणले की वरच्या व्हॉल्व्हमधून वायू आणि खालच्यातून द्रव निघतो. दोन्ही टोकांना विशिष्ट मिश्रधातूने बंद केलेले प्लग असतात. साधारण सत्तर अंशांवर हा धातू वितळतो. टनर कधीच काठोकाठ भरत नाहीत, कारण द्रव क्लोरीन उष्णतेने बराच प्रसरण पावतो. नियमाप्रमाणे भरलेला टनर तापत गेला तर सत्तर अंशांच्या सुमारास तो द्रवाने पूर्ण भरतो. त्यापुढे पात्रच फुटण्याची भीती असते. प्लग त्याआधी वितळून वायू सोडतो. क्लोरीनचे सिलिंडर पिवळ्या रंगाचे असतात. भारतात गॅस सिलिंडरवर देखरेख ठेवणारी केंद्रीय संस्था ‘पेसो’ हिचे मुख्यालय नागपूरला आहे. २०१६ चे गॅस सिलिंडर नियम ती अमलात आणते. क्लोरीनसारख्या धातू खाणाऱ्या वायूच्या पात्राची पाण्याच्या दाबाने चाचणी दर दोन वर्षांनी करावी लागते आणि चाचणीची तारीख पात्रावर कोरलेली असते.

कधी बदलायचे

टनरमध्ये द्रव शिल्लक असेपर्यंत आतला दाब केवळ तापमानावर ठरतो. ९०० किलो असो वा ९० किलो, दाबमापकाचा काटा त्याच आकड्यावर उभा राहतो. काट्याकडे पाहून किती क्लोरीन उरला ते कळत नाही, म्हणून चालू टनर वजनकाट्यावर ठेवतात. पात्राचे रिकामे वजन त्यावर कोरलेले असते. चालू वजनातून ते वजा केले की शिल्लक समजते. वजन खाली आले आणि त्यानंतर दाबही उतरू लागला, तर द्रव संपल्याची खूण मिळते.

तेवढ्यावर थांबायचे. टनर पार शून्यापर्यंत ओढायचा नसतो. आत थोडा दाब शिल्लक असला तर बाहेरची दमट हवा किंवा पाणी आत शिरत नाही. रिकाम्या, थंड टनरमध्ये पोकळी तयार झाली आणि व्हॉल्व्ह उघडा राहिला, तर क्लोरीन पाण्यात मिसळणाऱ्या यंत्राकडचे पाणी उलटे ओढले जाऊ शकते. मग टनर आतून कुजतो.

वायू वेगाने ओढला तर आणखी एक गोष्ट घडते. द्रवाचा वायू होताना उष्णता लागते. माठातले पाणी ज्या नियमाने थंड होते, त्याच नियमाने टनरमधला द्रव थंड होतो. नेहमीच्या तापमानाला एका टनरमधून तासाला सात-आठ किलोपेक्षा जास्त वायू सतत ओढला, तर पात्राच्या खालच्या भागावर दहिवर धरते, दाब पडतो आणि टनर संपल्याचा भास होतो. अशा वेळी गरम पाणी ओतणे किंवा शेगडी जवळ आणणे जीवघेणे ठरू शकते. दुसरा टनर जोडून दोघांवर भार वाटणे हाच उपाय. जास्त वायू हवा असेल तिथे खालच्या व्हॉल्व्हमधून द्रव घेऊन तो वेगळ्या यंत्रात तापवून वायू करतात.

बदलण्याचा क्रम

हे काम एकट्याने करायचे नसते. एकाने हात चालवायचे आणि दुसऱ्याने पाहत, हाकेच्या अंतरावर उभे राहायचे. पंखा आधीच चालू करून हवा खेळू द्यायची. पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन वापरायचे श्वसनयंत्र, म्हणजे बीए सेट, खोलीच्या आत नसावे. ते दाराबाहेर टांगलेले आणि तपासलेले असावे, कारण गळती झाल्यावर ते आणायला आत जाणे शक्य नसते. केंद्राच्या छपरावरचे वाऱ्याची दिशा दाखवणारे कापडी नळकांडे एकदा पाहून घ्यायचे. नवा वॉशर, पाना आणि अमोनियाच्या द्रावणाची प्लॅस्टिक बाटली हाताशी ठेवायची.

भरलेला टनर क्रेनने उचलून त्याच्या जागी रोलरवर ठेवतात. चेन किंवा दोर गुंडाळून उचलण्याची पद्धत धोक्याची आहे. दोन्ही टोकांच्या कडांना पकडणारा खास आडवा दांडा वापरायचा असतो. टनर रोलरवर फिरवून दोन्ही व्हॉल्व्ह उभ्या रेषेत आणतात. मग त्यावरचा क्रमांक, चाचणीची तारीख आणि वजन वहीत लिहितात.

आता जुन्या टनरकडे यायचे. आधी टनरचा स्वतःचा व्हॉल्व्ह बंद करायचा. नळीत अडकलेला वायू क्लोरीन सोडणाऱ्या यंत्राला ओढू द्यायचा. काटा शून्यावर आला की नळीकडचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि थोडा वेळ थांबायचे. या थांबण्याला फार महत्त्व आहे. काटा पुन्हा वर चढू लागला, तर टनरचा व्हॉल्व्ह पूर्ण बसलेला नाही. अशा स्थितीत सांधा उघडला तर वायू थेट तोंडावर येईल. काटा स्थिर राहिला तरच पुढे जायचे.

त्यानंतर क्लॅम्प सावकाश ढिला करायचा. तोंड सांध्याच्या समोर न धरता बाजूला, वारा पाठीवर राहील असे उभे राहायचे. सांधा सुटला की दोन तोंडे लगेच झाकायची. टनरच्या व्हॉल्व्हवर टोपी फिरवायची आणि नळीच्या टोकाला बूच लावायचे. पाच मिनिटे उघडी राहिलेली नळी हवेतला ओलावा पिते आणि त्याची किंमत पुढच्या महिन्यात गंजलेल्या व्हॉल्व्हच्या रूपाने मोजावी लागते.

भरलेल्या टनरच्या व्हॉल्व्हवरची टोपी काढतानाही जपायचे असते. वाहतुकीत व्हॉल्व्ह किंचित गळला असेल तर टोपीखाली वायू साठलेला असतो. आधी अमोनियाची बाटली टोपीजवळ नेऊन पाहायची, मग ती हळूहळू फिरवायची. सांध्यातला शिशाचा वॉशर दर वेळी नवा घालायचा. एकदा दाबला गेलेला वॉशर पुन्हा तसाच बसत नाही. दोन रुपयांचा वॉशर वाचवणे हे गळतीचे अगदी सामान्य कारण असते. दोन्ही पृष्ठभाग पुसून, वॉशर मधोमध बसवून क्लॅम्प आवळायचा. तो झेपेल तेवढाच आवळायचा, हातोड्याने ठोकायचा नाही.

आता परीक्षा. टनरचा व्हॉल्व्ह पाव फेरा उघडून लगेच बंद करायचा. नळीत थोडासा वायू शिरतो आणि मागे पात्र बंद असते. गळती निघाली तरी ती नळीभर वायूचीच निघेल. अमोनियाची बाटली हलकेच दाबून तिची वाफ सांध्याभोवती फिरवायची. क्लोरीन गळत असेल तर त्या जागी पांढरा धूर उठतो. तो अमोनियम क्लोराइडचा असतो आणि नाकाला जाणवण्याआधी डोळ्यांना दिसतो. द्रावणाचा थेंब मात्र सांध्यावर पडू द्यायचा नाही, कारण पितळी आणि काशाच्या भागांना अमोनिया खातो. धूर दिसला तर नळी पुन्हा रिकामी करून सांधा नव्याने बसवायचा. दाबाखालचा सांधा आवळून गळती थांबवण्याचा मोह टाळायचा. धूर नसेल तर व्हॉल्व्ह एक फेरा उघडायचा. पूर्ण प्रवाहाला एवढा पुरतो. पाना व्हॉल्व्हवरच राहू द्यायचा, म्हणजे गरज पडल्यास तो शोधण्यात वेळ जात नाही. पान्याला लांब नळी जोडून जोर वाढवणे हा स्पिंडल मोडण्याचा हमखास मार्ग आहे.

कारखान्यांत याहून विषारी किंवा आपोआप पेट घेणारे वायू असतात. तिथे सांधा उघडण्याआधी नळी कोरड्या नायट्रोजनने धुतात. नळीत नायट्रोजन आठ वातावरण दाबापर्यंत भरून पुन्हा एक वातावरणावर आणला की आतला विषारी वायू एक अष्टमांश उरतो. तीन वेळा केले की पाचशे बाराव्या भागावर येतो. सोडलेला वायू उघड्यावर न सोडता शोषक द्रावणातून नेतात. नायट्रोजनच्या वाटेवर उलटा प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह लागतो, नाहीतर विषारी वायू नायट्रोजनच्या सिलिंडरकडे चालू लागतो.

आधुनिक केंद्रांत निर्वात पद्धतीची यंत्रे आहेत. टनरच्या अगदी जवळ बसवलेला नियंत्रक पुढच्या सगळ्या नळीत वातावरणापेक्षा कमी दाब ठेवतो. पुढे नळी फुटली तरी वायू बाहेर येत नाही, बाहेरची हवा आत शिरते आणि नियंत्रक बंद होतो. एक टनर संपला की दुसऱ्याकडे आपोआप वळणारी जोडणीही मिळते. त्यामुळे बदल करायला निवांत वेळ मिळतो आणि निर्जंतुकीकरण क्षणभरही थांबत नाही. टनरपासून नियंत्रकापर्यंतचा सांधा मात्र दाबाखालीच राहतो, त्यामुळे वरचा क्रम इथेही चुकत नाही.

गळती झाली तर

गळतीवर पाणी मारणे ही सर्वांत मोठी चूक. पाण्याने आम्ल तयार होते, भोक मोठे होते आणि पाण्याच्या उष्णतेने द्रव अधिक वेगाने उकळतो. टनर फिरवून गळणारी जागा वरच्या बाजूला आणली की द्रवाऐवजी वायू गळू लागतो आणि बाहेर येणारा क्लोरीन बराच कमी होतो. मग बीए सेट घातलेली जोडी आपत्कालीन संचातली टोपी, क्लॅम्प किंवा प्लगची खीळ बसवते. त्यानेही भागले नाही तर वायू कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात सोडतात. एक किलो क्लोरीनला सव्वा किलोच्या आत, सुमारे १.१३ किलो सोडा लागतो. एका भरलेल्या टनरसाठी टनभराहून अधिक सोडा तयार ठेवावा लागतो. क्लोरीनचा साठा ठराविक मर्यादेपलीकडे गेला की १९८९ च्या घातक रसायन नियमांनुसार आपत्कालीन योजना लेखी असावी लागते.

आसपासच्या वस्तीने वाऱ्याच्या आडवे सरकत उंच जागी जायचे. शहापूर-मुरबाडमध्ये वाड्या-पाडे ओढ्याकाठी वसलेले आहेत. जड वायू ओढ्याच्या पात्रातून खाली वाहतो, म्हणून माळ किंवा टेकडीच्या दिशेने निघायचे, ओढ्याच्या वाटेने पळायचे नाही. तोंडावर ओले कापड धरल्याने थोडा आराम पडतो. बाधिताला मोकळ्या हवेत आणून अर्धवट बसते ठेवायचे, चालवायचे नाही. डोळे निदान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवायचे, वायू लागलेले कपडे काढायचे आणि त्वरित रुग्णालयात न्यायचे.

पावसाळा आणि उन्हाळा

सह्याद्रीच्या पायथ्याच्या या भागात जूनपासून मुसळधार पाऊस पडतो आणि नद्या गढूळ होतात. गढूळ पाण्याला क्लोरीन जास्त लागतो. मात्रा वाढते, टनर लवकर संपतात आणि बदलण्याची वेळ वारंवार येते, तीही हवेत ओलावा सर्वाधिक असताना. म्हणून उघडी तोंडे लगेच झाकण्याचा नियम पावसाळ्यात सर्वांत कसोटीला लागतो.

उन्हाळ्यात कसोटी दाबाची असते. २० अंशांना टनरमधला दाब वातावरणाच्या पावणेसातपट असतो, ४० अंशांना तो अकरापटीच्या वर जातो. एप्रिल-मेच्या उन्हात उघड्यावर ठेवलेला पोलादी टनर हवेपेक्षाही जास्त तापतो. साठवण छपराखाली, हवेशीर आणि कोरड्या जागी करायची ती यासाठी. वीज गेली की पंखा बंद पडतो, म्हणून जनित्र सुरू झाल्याशिवाय बदल हाती घ्यायचा नाही.

छोट्या गावात, दवाखान्यात

शहापूर-मुरबाड तालुक्यांतल्या बहुसंख्य ग्रामपंचायती क्लोरीन वायूऐवजी टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर वापरतात. हजार लिटरला दोन ग्रॅम क्लोरीन द्यायचा तर ३३ टक्क्यांची पावडर सहा ग्रॅम लागते. पिशवी उघडी राहिली किंवा जुनी झाली की टक्केवारी घटते. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट करून शिल्लक क्लोरीन पाहतो. पाणी पिवळे झाले तर क्लोरीन उरला आहे, रंग आला नाही तर मात्रा पोहोचलेली नाही. लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक असणे भारतीय मानकाला अपेक्षित आहे. या पद्धतीत दाबाखालचे पात्र नसते, म्हणून कमी साधनांत ती सुरक्षित राहते.

दाबाखालचे पात्र बदलण्याचे काम रुग्णालयातही असते. तिथल्या ऑक्सिजनच्या जोडणीत सिलिंडरच्या दोन रांगा असतात. एक चालू, एक राखीव. इथे सिलिंडरमध्ये वायूच असतो, द्रव नसतो, त्यामुळे काटा उतरतो तसा साठा उतरतो आणि दाबावरून शिल्लक कळते. ऑक्सिजनचा दाब दीडशे वातावरणांच्या आसपास असतो आणि तेलाचा पुसटसा अंशही त्यात भडकू शकतो. म्हणून हात, पाना आणि वॉशर तेलविरहित हवेत. व्हॉल्व्ह झटक्याने उघडू नये, कारण अचानक दाबला गेलेला वायू तापतो. सिलिंडर साखळीने भिंतीला बांधलेला असावा. उभा सिलिंडर पडून व्हॉल्व्ह तुटला, तर तो सुटलेल्या वायूच्या जोरावर भिंतीतून जाऊ शकतो.

रिकाम्या टनरचे काम

पात्र बदलले तरी काम पुरे होत नाही. सोडवलेल्या टनरला व्हॉल्व्हची टोपी आणि संरक्षक टोपी लावायची, त्यावर ‘रिकामा’ असे लिहायचे आणि तो भरलेल्या टनरांपासून वेगळा ठेवायचा. रिकाम्या म्हटल्या जाणाऱ्या टनरमध्ये काही किलो क्लोरीन असतोच. १४ जुलै २०१० रोजी मुंबईत शिवडीच्या हाजी बंदर परिसरात वर्षानुवर्षे बेवारस पडलेल्या, गंजलेल्या सिलिंडरमधून क्लोरीन गळला आणि शंभरावर लोकांना त्याची बाधा झाली. रिकामे पात्र साठवून ठेवायचे नसते, भरणाऱ्याकडे परत पाठवायचे असते. जोडल्याची तारीख, सोडल्याची तारीख, उरलेले वजन आणि दोन्ही कामगारांच्या सह्या वहीत नोंदल्या आणि टनर परत गेल्याची पावती मिळाली, म्हणजे बदल पूर्ण झाला.